कब्जा चालू म्हणजे मुदतही चालू?

नावडे फाट्यावर जमिनीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: “त्याने जागा बळकावलीय ना? मग घाई कसली? कब्जा चालू आहे म्हणजे अन्याय रोजचा आहे, केस कधीही टाकता येईल.” तळोजा एमआयडीसी आली, सिडको आली, गावठाणालगतच्या बखळीला सोन्याचा भाव आला, तरी हे वाक्य काही जात नाही. याच्या भरवशावर बसलेल्यांनी जमिनी गमावल्यात, म्हणून जरा वैतागूनच लिहितो.

वाक्यात अर्धं सत्य आहे, तेच घातक. मुदत कायदा, 1963 च्या कलम 22 नुसार अपकृत्य सतत चालू असेल, तर ते चालू असेतो क्षणोक्षणी नवी मुदत सुरू होते. पण चालू काय आहे, कृत्य की त्याचा परिणाम? हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने 1959 मध्येच, आधीच्या मुदत कायद्यातल्या अशाच कलमाबाबत, सोडवला, तोही आळंदीच्या खटल्यात. ज्ञानेश्वर महाराज संस्थानाच्या विश्वस्तांनी गुरवांना पूजेच्या वंशपरंपरागत हक्कावरून दूर केलं होतं. गुरवांचा दावा 1934 चा. हक्क रोज नाकारला जातोय, तेव्हा मुदत संपलेलीच नाही, असं त्यांचं म्हणणं. न्या. गजेंद्रगडकरांच्या निकालाने ते फेटाळलं. हुसकावून लावलं त्याच दिवशी इजा पूर्ण झाली. नंतर सोसावं लागतं तो तिचा परिणाम. दावा मुदतबाह्य ठरला. 2019 च्या अयोध्या निकालातही निर्मोही आखाड्याचा दावा याच तत्त्वावर मुदतबाह्य ठरला.

आता आपल्या गल्लीत बघा. शेजाऱ्याने राडारोडा टाकून ओहोळाचं तोंड बुजवलं आणि पावसाळ्यात पाणी तुमच्या ओटीवर चढतं. इथे अडथळा आहे तोवर इजा नव्याने होत राहते, तेव्हा कलम 22 मदतीला येतं. त्यानेच तुमच्या बखळीला भिंत घालून, कुलूप लावून तुम्हाला बाहेर काढलं, तर मात्र घड्याळ तेव्हाच सुरू झालं. मालकीच्या आधारे ताबा मागायला कब्जा प्रतिकूल झाल्यापासून 12 वर्षं मिळतात. ती उलटली की कलम 27 नुसार नुसता दावाच नाही, मालकी हक्कच संपतो. “नोटिसा देतोय की दर वर्षी,” असं सांगणारेही भेटतात. अहो, नोटिशीने मुदत थांबत नाही, दावा दाखल करावा लागतो!

याच्या उलट टोकाला चाळमालकांची भीती: भाडेकरू 12 वर्षं राहिला की खोली त्याची. नाही हो. परवानगीने आलेला माणूस कितीही वर्षं राहिला, तरी नुसत्या राहण्याने त्याचा कब्जा प्रतिकूल होत नाही. मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे आणि अखंड ताबा ठेवल्याचं कब्जेदाराला सिद्ध करावं लागतं. गोव्यातल्या एका घराच्या वादात 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राखणदार, नोकर किंवा मायेपोटी ठेवलेला नातेवाईक यांना नुसत्या दीर्घ वास्तव्याने हक्क मिळत नाही.

एकटा भाऊ जमीन कसतो म्हणून बहिणींचा हिस्सा आपोआप बुडत नाही. सहहिस्सेदाराचा ताबा सगळ्यांच्या वतीने धरला जातो. सातबारा हा महसुली अभिलेख आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे. घरपट्टी आणि लाइटबिल तुमच्या नावाचं असलं तर राहणं सिद्ध होईल, तेवढंच. आणि सरकारी जमिनीबाबत सरकारला 12 नाही, 30 वर्षांची मुदत आहे.

कुणी कायदेशीर मार्ग सोडून नुकतंच बाहेर काढलं असेल, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली मालकी सिद्ध न करताही ताबा परत मागता येतो. त्याची मुदत फक्त 6 महिने, आणि सरकारविरुद्ध हा दावा चालत नाही.