गोदामातील फोर्कलिफ्टचे प्रेस-ऑन टायर

शिरूर तालुक्यातील रांजणगाव काय किंवा दौंड तालुक्यातील कुरकुंभ काय, फोर्कलिफ्ट घेताना तिच्या उचलशक्तीची जेवढी बारकाईने चौकशी होते, तेवढी टायरांचीही व्हावी, असे मला अगदी मनापासून वाटते. पोलादी कड्यावर घट्ट जडवलेल्या भरीव रबराचा प्रेस-ऑन टायर हायड्रॉलिक प्रेसने चाकावर दाबून बसवतात. त्यात हवाच नसल्याने पंक्चरची धास्ती नाही, परंतु गुळगुळीत काँक्रीटवर उत्तम चालणारा हा टायर खडीमुरमाच्या आवारात लवकर फाटतो. त्यावरील २१×७×१५ हे आकडे अनुक्रमे बाहेरील व्यास, रुंदी आणि आतील व्यास इंचांत सांगतात.

फरशीवर काळे डाग नकोत म्हणून पांढरे टायर घेणाऱ्यांनी मात्र एक गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी, की कार्बन ब्लॅक वगळलेल्या त्या रबरातून वीज सहसा वाहून जात नाही, आणि कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांसारख्या ठिकाणी, जेथे ज्वालाग्राही द्रावकांची पिंपे हलवावी लागतात, तेथे साचलेल्या स्थिर विद्युतेची एक ठिणगीही अनर्थास कारण होऊ शकते. तेथे वीजवाहक टायरच हवेत, आणि गाडीही अशा जागेसाठी प्रमाणित असलेलीच.

निगराणीत हयगय नसावी. रबरात रुतलेला लोखंडी कीस दररोज काढावा, भरलेली गाडी रात्रभर उभी ठेवू नये, कारण त्याने टायर एका जागी चपटा होतो. ढोबळमानाने रबराची एकतृतीयांश जाडी झिजताच एका आसावरील टायर जोडीनेच बदलावेत आणि तारखेची नोंद दफ्तरी ठेवावी.