अधांतरी वळण

हबल अंतराळ दुर्बिणीवर एकही थ्रस्टर नाही. १९९० पासून ती पृथ्वीभोवती फिरते आहे, आज एखाद्या दीर्घिकेकडे तर उद्या एखाद्या तेजोमेघाकडे तोंड करते. पण वळण्यासाठी ती वायूचा साधा फवाराही सोडत नाही. सोडला तर त्याचे कण तिच्याच आरशावर बसायचे. पाय रोवायला जमीन नाही, धरायला कठडा नाही. तरीही सुमारे ११ टनांचं हे धूड हवं तिकडे वळतं आणि थांबायचं तिथेच थांबतं. हे काम करतात तिच्या पोटातली चार चाकं.

प्रत्येक चाक साधारण ४५ किलोचं, ५९ सेंटीमीटर व्यासाचं आणि मिनिटाला ३००० फेऱ्यांपर्यंत जाऊ शकणारं. अभियंते त्याला रिअ‍ॅक्शन व्हील म्हणतात. मोटर चाकाला एका बाजूला रेटू लागली, की दुर्बीण उलट बाजूला वळू लागते. चाकाचा वेग पूर्ववत केला, की दुर्बीणही थांबते. शाळेच्या पुस्तकात भेटलेला कोनीय संवेग अक्षय्यतेचा नियम तो हाच: बाहेरून कुणी पीळ दिला नाही, तर वस्तूपाशी असलेला फिरण्याचा एकूण साठा वाढत नाही आणि घटतही नाही. आतल्या आत त्याची देवघेव मात्र कितीही करता येते. फिरत्या खुर्चीत पाय उचलून बसावं, सायकलचं चाक हातात आडवं धरून फिरवावं. खुर्ची आपोआप उलटी फिरू लागते. चाक धरून थांबवलं, की खुर्चीही थांबते. आपण जमिनीला स्पर्शही केलेला नसतो.

दुर्बीण अवाढव्य आणि चाक त्यामानाने चिमुकलं, त्यामुळे चाकाचे हजारो फेरे व्हावेत तेव्हा दुर्बिणीचा पाव फेरा पुरा होतो. ९० अंश वळायला हबलला सुमारे १५ मिनिटं लागतात. म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाचा मिनिटकाटा ज्या संथपणे सरकतो, त्याच चालीनं. या संथपणातच तिची ताकद आहे. धक्का नाही, हिसका नाही. म्हणून अब्जावधी प्रकाशवर्षं दूरच्या दीर्घिकेची रेषही हलत नाही.

वळायला खरं तर तीन चाकं पुरतात, तीन दिशांना एकेक. तरी बहुतेक यानांवर चौथं बसवतात आणि सगळी तिरकी मांडतात. कोणतंही एक बंद पडलं तर उरलेली तिघं मिळून काम निभावून नेतात.

मात्र या चाकांचं एक दुखणं आहे. अंतराळात बाहेरचा पीळ अगदीच नसतो असं नाही. सूर्यप्रकाश यानाला ढकलतो, पृथ्वीचं गुरुत्व त्याच्या जवळच्या टोकाला किंचित जास्त ओढतं, विरळ हवा घासते. हा पीळ नगण्य असला तरी अखंड असतो. तो पोटात घेत घेत यान स्थिर ठेवायचं, म्हणजे चाकाचा वेग चढत जाणार. शेवटी मोटरची मर्यादा येते आणि चाकाला आणखी काही पेलवत नाही. मग साठलेला संवेग बाहेर टाकावा लागतो. हबल त्यासाठी विद्युतचुंबकांनी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला रेटा देते. दूरच्या प्रवासाला निघालेल्या यानांना तसा आधार मिळत नाही. त्यांना थ्रस्टर पेटवून इंधन खर्चावं लागतं.

सूर्यप्रकाशाच्या या रेट्याचा भारताला जुना परिचय आहे. एप्रिल १९८२ मध्ये उडालेल्या इन्सॅट-१ए या उपग्रहाचे सौरपट्ट एकाच बाजूला होते. त्यांच्यावरचा प्रकाशाचा दाब तोलायला विरुद्ध बाजूला एक सौर शीड उघडायचं होतं. ते उघडलंच नाही. अँटेना उलगडतानाही अडचणी आल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिशा सांभाळण्याचं इंधन संपलं आणि उपग्रह सोडून द्यावा लागला. आज इस्रोची अशी चाकं तिरुवनंतपुरमच्या इनर्शियल सिस्टिम्स युनिटमध्ये घडतात. २०१४ साली मंगळाच्या कक्षेत शिरलेल्या मंगळयानावरही चार रिअ‍ॅक्शन व्हील होती.

दुसरं दुखणं बेअरिंगचं. वर्षानुवर्षं पोकळीत फिरणारं चाक, त्याला दोन थेंब वंगण घालायलाही कुणी जाऊ शकत नाही. हबल भाग्यवान, १९९७ आणि २००२ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन तिचं एकेक चाक बदललं. केप्लर दुर्बिणीच्या नशिबी ते नव्हतं.

मार्च २००९ मध्ये निघालेली केप्लर सूर्याभोवती फिरत होती, माणूस पोहोचेल त्याच्या पल्याड. हंस आणि स्वरमंडल या तारकासमूहांतल्या आकाशाच्या एका तुकड्यावर डोळे लावून ती दीड लाख ताऱ्यांचं तेज मोजत होती. एखादा ग्रह ताऱ्यासमोरून सरकला की तेज कणभर उतरतं. तो कण टिपायचा, तर दुर्बीण निश्चल हवी. जुलै २०१२ मध्ये एक चाक बंद पडलं. मे २०१३ मध्ये दुसरं गेलं. दोन चाकांवर तीन दिशा सांभाळता येत नाहीत, आणि मूळ मोहीम तिथेच संपली.

पुढे जे झालं ते अंतराळ अभियांत्रिकीतल्या फार सुंदर गोष्टींपैकी एक आहे. जो सूर्यप्रकाश यानांची चाकं थकवतो, त्यालाच अभियंत्यांनी तिसरं चाक केलं. पृथ्वीइतक्या अंतरावर एक चौरस मीटर आरशावर उन्हाचा दाब किती? जेमतेम एका मिलिग्रॅमच्या वजनाइतका. केप्लर अशी कलती धरायची, की तिच्या सौरपट्टांच्या दोन्ही उतारांवर हा दाब सारखा पडावा. आरेवर भोवरा तोलावा तशी. उरलेली दोन चाकं बाकीच्या दोन दिशा पाहतील, आणि तोल ढळू लागला तर दर काही तासांनी थ्रस्टरची बारीक फुंकर. सूर्य सरकला की तोल मोडणार, म्हणून एका वेळी आकाशाचा एक तुकडा सुमारे ८० दिवस पाहायचा आणि पुढे सरकायचं. २०१४ मध्ये ही के-२ मोहीम सुरू झाली आणि चार वर्षं चालली. दोन्ही मोहिमा मिळून २६०० हून जास्त ग्रहांवर शिक्कामोर्तब झालं.

चाकं का गेली, याचा शोध नंतरही चालू राहिला. सौरवादळांच्या वेळी बेअरिंगच्या गोळ्यांमध्ये विजेच्या ठिणग्या उडून धातूवर खड्डे पडतात आणि घर्षण वाढतं, असं संशोधकांनी मांडलं. पोलादाऐवजी वीज न वाहणाऱ्या सिरॅमिकच्या गोळ्या वापरणं, हा त्यावरचा उपाय.

ऑक्टोबर २०१८ मध्ये केप्लरचं इंधन संपलं. ट्रान्समीटर कायमचा बंद करण्याची आज्ञा १५ नोव्हेंबरच्या रात्री गेली. १६३० साली त्याच तारखेला योहानेस केप्लर वारले होते. सूर्य आणि ग्रह यांना जोडणारी रेषा समान काळात समान क्षेत्रफळ आक्रमते, हा त्यांचा नियम १६०९ मध्ये छापला गेला. त्याचं मूळ कोनीय संवेगाच्या अक्षय्यतेत आहे, हे न्यूटनच्या यांत्रिकीनंतर कळलं. चाकं थांबलेली ती दुर्बीण आजही सूर्याभोवती फिरते आहे. सूर्याजवळ येताना किंचित वेगानं, दूर जाताना किंचित सावकाश.