थकलेले हृदय आणि शॉकचे यंत्र : कोणाला लागते, कोणाला नाही?

आपल्याकडे ‘अमक्याचे हार्टफेल झाले’ असे म्हटले की तो माणूस गेला, असाच अर्थ घेतात. त्यामुळे धुळ्याहून टू-डी इको करून आणलेल्या कागदावर ‘हार्ट फेल्युअर’ हे शब्द दिसले की घरातल्या मंडळींच्या तोंडचे पाणी पळते. वास्तविक या शब्दांचा अर्थ हृदय बंद पडले असा नाही. हृदयाचा पंप अशक्त झाला, शरीराला हवे तेवढे रक्त तो पुढे ढकलू शकत नाही, एवढाच तो अर्थ. मग जिना चढताना धाप लागते, पायावर सूज येते, रात्री उशी उंच घ्यावी लागते. ‘दम लागस, डाक्तर’ हे वाक्य मी सोनगीरच्या दवाखान्यात दिवसातून किती वेळा ऐकतो, याची मोजदाद नाही.

पंपाची ताकद मोजण्यासाठी इकोच्या कागदावर ‘ई.एफ.’ हा आकडा असतो. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले जाते, तो हा आकडा. निरोगी माणसात तो साधारण ५५ ते ७० असतो. शंभर कोणाचाच नसतो, म्हणून ‘साहेब, साठच मार्क पडले’ असे म्हणून घाबरू नये! पण तो ३५ किंवा त्याखाली असेल, तर मोठ्या शहरातले हृदयरोगतज्ज्ञ एका यंत्राचा विषय काढतात. त्याचे नाव आय.सी.डी. काही लाखांचा खर्च ऐकून मंडळी गावी परततात आणि फाईल माझ्यापुढे ठेवून विचारतात, ‘डॉक्टरसाहेब, बसवायचे का नाही?’

मी हृदयरोगतज्ज्ञ नव्हे, साधा एम.बी.बी.एस. यंत्र बसवण्याचा निर्णय तज्ज्ञांनीच द्यायचा. पण तो कोणत्या प्रश्नांवर ठरतो, हे घरच्यांना ठाऊक असले तर शेत विकायला काढण्याआधी चार गोष्टी विचारता येतात.

अशक्त हृदयाचे रुग्ण मुख्यतः दोन तऱ्हांनी दगावतात. एक म्हणजे पंप हळूहळू दुबळा होत जातो, पाणी साठते, मूत्रपिंडे थकतात. दुसरी तऱ्हा अचानक मृत्यूची. कालपर्यंत ओट्यावर बसून गप्पा मारणारा माणूस क्षणात कोसळतो. हृदयाच्या खालच्या कप्प्यांत विजेचा गोंधळ माजतो, स्नायू नुसता थरथरतो, रक्त पुढे जातच नाही. अशा वेळी विजेचा झटका देऊन तो गोंधळ मोडावा लागतो आणि तोही काही मिनिटांतच. सोनगीरहून धुळे वीसेक किलोमीटर. महामार्ग कितीही चांगला असो, १०८ ची गाडी कितीही तत्पर असो, एवढ्या वेळात ते साधणे फार कठीण.

म्हणून तो झटका देणारे यंत्रच शरीरात ठेवायचे, ही कल्पना मायकेल मिरोव्स्की या डॉक्टरांची. १९६६ साली त्यांचे एक वडीलधारे सहकारी अशाच गोंधळाने गेले आणि मिरोव्स्कींनी हा ध्यास घेतला. ‘हे होणे नाही’ म्हणणारे पुष्कळ होते. अखेर ४ फेब्रुवारी १९८० रोजी अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पहिल्या रुग्णाला हे यंत्र बसवले गेले. तेव्हा त्यासाठी छाती उघडावी लागे. आता गळ्याच्या हाडाखाली कातडीच्या आत छोटी डबी ठेवतात आणि शिरेतून हृदयापर्यंत तार नेतात. डबी प्रत्येक ठोका पाहत असते. गती बेफाम झाली की आधी जलद ठोके देऊन ती ताळ्यावर आणू पाहते, नाही जमले तर झटका देते.

लोक पेसमेकरलाही ‘मशीन’ म्हणतात आणि यालाही. पेसमेकर मंद हृदयाला ठोका पुरवतो, त्याची गोष्ट वेगळी. आणि हे नीट लक्षात घ्या, की आय.सी.डी.मुळे पंपाची ताकद वाढत नाही. धाप कमी होत नाही, पायाची सूज उतरत नाही. तो राखणदार आहे. राखणदार शेत राखतो, पीक वाढवत नाही.

एका प्रकारच्या रुग्णांबाबत फारसा वाद नाही. ज्यांना हा घातक गोंधळ एकदा होऊन गेला आणि जे दैवाने वाचले, त्यांना यंत्राचा सल्ला सहसा देतातच. १२ जून २०२१ रोजी डेन्मार्कचा फुटबॉलपटू ख्रिस्तियन एरिकसन चालू सामन्यात मैदानावर कोसळला, तिथेच झटका देऊन त्याला वाचवले, नंतर हे यंत्र बसवले आणि २०२२ साली तो पुन्हा खेळू लागला. मात्र तो गोंधळ ताज्या झटक्याच्या पहिल्या एक-दोन दिवसांत झाला असेल किंवा रक्तातले पोटॅशियम बिघडल्याने झाला असेल, तर आधी मूळ कारण दुरुस्त करतात.

खरा प्रश्न ज्यांना अजून काहीच झालेले नाही त्यांचा. येथे एक आकडेवारी सांगतो, कारण ती मी दवाखान्यात कागदावर रेघा मारून दाखवतो. २००५ साली अमेरिकेत २५२१ रुग्णांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांचा ई.एफ. ३५ किंवा कमी, सगळ्यांना धाप. साधारण पावणेचार वर्षांच्या काळात, नेहमीची औषधे घेणाऱ्या पण यंत्र नसलेल्या शंभरांतले २९ जण दगावले. यंत्र बसवलेल्या शंभरांतले २२. ठोके नियमित ठेवणारी अमिओडॅरोन ही गोळी दिलेल्यांतले २८, म्हणजे त्या गोळीने फरक पडला नाही.

आता हिशेब पाहा. शंभर जणांना यंत्र बसवले तर तेवढ्या काळात सात जीव जास्त वाचले. ७१ जण यंत्राशिवायही जगलेच असते. २२ जण यंत्र असूनही गेले. सात जीव म्हणजे थोडे नव्हेत, त्या सात घरांना विचारा! पण ‘मशीन बसवले की बाप अमर, नाही बसवले की उद्या गेला’ हे दोन्ही खोटे. त्या सातांत येण्याची शक्यता कोणाची जास्त, हे ओळखणे म्हणजेच हा सारा निर्णय.

पहिली अट औषधांची. बीटा ब्लॉकर, एनालाप्रिलसारखे किंवा त्या जागी आलेले सॅक्युबिट्रिल-व्हॅल्सार्टन, स्पायरोनोलॅक्टोन आणि मूळची मधुमेहाची असलेली डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी, असे चार प्रकार आज या आजारात वापरतात. ती सोसेल तेवढ्या मात्रेपर्यंत वाढवून किमान तीन महिने घेतल्यावर पुन्हा इको करायचा आणि मग यंत्राचे बोलायचे, असा दंडक आहे. आपल्याकडे घोडे येथेच अडते. सुरुवातीची लहान गोळी वर्षभर तशीच चालू राहते, मात्रा वाढवायला कोणी फिरकत नाही. बरे वाटले की गोळ्या बंद. वर जेवणात पापड, बिबड्या, लोणचे आणि गुडघ्यांसाठी मेडिकलमधून परस्पर घेतलेली डायक्लोफेनॅक! ही वेदनाशामके शरीरात पाणी धरून ठेवतात आणि मूत्रपिंडालाही बाधतात. अशा रुग्णाचा ई.एफ. ३० आला, तर तो आजाराचा आकडा किती आणि हयगयीचा किती?

माझ्याकडे येणारी एक तरुण सून बाळंतपणानंतर महिन्याभरात धापेने बेजार झाली. ई.एफ. २५. घरचे पार हबकले. बाळंतपणातल्या या हृदयविकारात पुष्कळ जणी औषधांनी सावरतात. सहा महिन्यांनी तिचा आकडा ५० झाला. यंत्राचा विषयच संपला. (पुढचे बाळंतपण मात्र तज्ज्ञांना विचारल्याखेरीज नको, हे तिच्या सासूला मी चार वेळा बजावले आहे.)

दुसरी अट वेळेची. हृदयविकाराचा झटका येऊन ४० दिवस व्हायच्या आत, केवळ ई.एफ. कमी आहे म्हणून यंत्र बसवत नाहीत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तसे बसवून पाहिले. अचानक मृत्यू कमी झाले, पण इतर कारणांचे मृत्यू वाढले आणि गोळाबेरीज तीच राहिली. अँजिओप्लास्टी किंवा बायपास झाली असेल तर तीन महिने थांबतात.

तिसरी गोष्ट लोकांना उलटी वाटते. जो फार आजारी, त्याला यंत्राची गरज जास्त, असा सर्वांचा समज. प्रत्यक्षात वर सांगितलेल्या अभ्यासात ज्यांना थोडीच धाप होती त्यांना फायदा अधिक दिसला. येथे दोन घरे डोळ्यांपुढे येतात. एक गृहस्थ पन्नाशीतले, पिढीजात तांब्या-पितळेच्या भांड्यांचे कारागीर. दोन वर्षांपूर्वी मोठा झटका येऊन गेला. औषधे चोख, तरी ई.एफ. २८ वरून हलत नाही. भट्टीजवळ उभे राहून काम करतात, घण उचलला की थोडी धाप, बस्स. ‘मला काय धाड भरली आहे?’ हा त्यांचा सवाल. नेमका हाच माणूस यंत्राचा खरा उमेदवार! पंप अजून संसार ओढतो आहे, धोका आहे तो अचानक गोंधळाचा. त्यांना मी स्पष्टच म्हणालो, ‘भाऊ, तब्येत बरी आहे म्हणूनच बसवा.’

दुसरे आजोबा शहात्तरीचे. ई.एफ. २५, मूत्रपिंडे जवळजवळ निकामी, दिवसाचे बरेच तास खाटेवर. मुलगा एक एकर बागायत विकायला निघाला होता. ‘आप्पांसाठी काही कमी पडू द्यायचे नाही,’ म्हणाला. त्याची माया खरी होती. पण आप्पांना मारणारा शत्रू अचानक येणारा नव्हता, तो रोज थोडा थोडा येत होता. किमान वर्षभर बऱ्यापैकी जगण्याची आशा नसेल, तर हे यंत्र बसवू नये असेच तज्ज्ञही सांगतात. नाशिकच्या तज्ज्ञांनीही तेच सांगितले. शेत वाचले. आप्पा पुढे पाच महिने घरीच होते, पाण्याच्या गोळ्यांवर, नातवंडांत.

या दोन टोकांच्या मधले रुग्ण अवघड. रक्तवाहिन्या साफ असूनही ज्यांचा स्नायूच दुबळा आहे, त्यांच्याबाबत २०१६ साली डेन्मार्कमध्ये १११६ रुग्णांचा अभ्यास झाला. यंत्रामुळे एकूण मृत्यूंत ठळक घट दिसली नाही, तरुणांना मात्र लाभ दिसला. म्हणजे या गटात वयाचा विचार जास्त. काहींच्या ई.सी.जी.त दोन्ही बाजू एका वेळी आकुंचन पावत नसल्याची खूण दिसते. त्यांच्यासाठी जादा तारेचे निराळे यंत्र असते, ते धापही कमी करू शकते. म्हणून ई.सी.जी. दाखवून ‘आम्हाला यातले कोणते?’ हेही विचारावे.

पैशांचे म्हणाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला आधी भेटा आणि हे यंत्र यादीत बसते का ते त्याच्याकडून पक्के करून घ्या. बॅटरी साधारण सात ते दहा वर्षांनी संपते आणि डबी बदलावी लागते, तो खर्चही आधीच डोक्यात धरावा.

यंत्र बसल्यावर मोबाईल त्या बाजूच्या खिशात ठेवू नये, विरुद्ध कानाला लावावा. वेल्डिंगपासून लांब राहावे. शेतकऱ्यांनी विहिरीवरच्या मोटारीचे अर्थिंग आधी तपासून घ्यावे, कारण गळणाऱ्या करंटला यंत्र हृदयाचा गोंधळ समजून नाहक झटका देऊ शकते. तो छातीत लाथ बसल्यासारखा लागतो म्हणतात. एक झटका बसून बरे वाटत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. लागोपाठ बसले किंवा भोवळ आली तर सरळ १०८. रुग्णाला हात लावलेल्या माणसाला त्या झटक्याने इजा होत नाही, तेव्हा भिऊन लांब पळू नये.

आणखी एक, जे बसवतानाच विचारून ठेवावे. पुढे कधी कॅन्सर किंवा तसा अखेरचा आजार आला, तर झटका देण्याचे काम बाहेरून, शस्त्रक्रियेशिवाय बंद करता येते. बंद केल्याने माणूस लगेच जात नाही, त्याला काही जाणवतही नाही. शेवटच्या घटकेला मात्र त्याच्या छातीत झटके बसत राहत नाहीत.