गोठा तपासणी : अधिकार कोणाचा?
अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 नुसार दुधाचे कायदेशीर नमुने अन्न सुरक्षा अधिकारी घेतो. नाशिकमध्ये हे काम राज्याचे अन्न व औषध प्रशासन पाहते. अन्नपदार्थांच्या उत्पादनात किंवा विक्रीत आर्थिक हितसंबंध असलेल्या व्यक्तीला अन्न सुरक्षा अधिकारी म्हणून नेमता येत नाही.

डेअरीचा कर्मचारी गोठ्यावर जातो तो खरेदीदाराचा प्रतिनिधी म्हणून. सडाची स्वच्छता, भांडी, पाणी आणि औषधोपचार चालू असलेल्या जनावरांचे दूध वेगळे ठेवले जाते का, हे तो पाहतो. दूध नाकारणे त्याच्या हाती असते. खटला भरणे नव्हे.

परवानाधारक डेअरीत दर 25 अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित अन्न सुरक्षा पर्यवेक्षक आवश्यक असतो. या पर्यवेक्षकांसाठीच्या ‘फोस्टॅक’ प्रशिक्षणात दूध व दुग्धपदार्थांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम आहे.