साथ येण्याआधी जागा ठरवूया : गावातल्या काळजी केंद्राची आखणी



या अंकात बचत, कर्ज, परतफेड यांच्यापेक्षा वेगळा विषय घेतलाय. आपल्याला वाटतं, कोरोना गेला, आता कशाला ते? जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविडची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं, हे खरं. पण साथी येतच राहतात, फक्त नाव बदलतं. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा सावित्रीबाई फुले आणि त्यांचा मुलगा डॉ. यशवंत यांनी गावाबाहेर मोकळ्या जागी दवाखाना उघडला आणि रुग्णांची सेवा करता करताच १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई गेल्या. आपल्या भागातले जुने लोकही सांगतात, प्लेगात गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहिले म्हणून. म्हणजे 'आजारी माणसाला वेगळं ठेवायचं, पण सोडून द्यायचं नाही' ही गोष्ट आपल्याला नवीन नाही. नवीन एवढंच की हे आधीच ठरवून ठेवायचं.

२०२१ ची दुसरी लाट आठवा. मे महिन्यात राज्य सरकारने रुग्ण जास्त असलेल्या १८ जिल्ह्यांत घरी राहून उपचार बंद करायचं ठरवलं, त्यात आपला कोल्हापूर जिल्हा होता. मग गावोगावी शाळा, समाजमंदिर, मंगल कार्यालय मिळेल तिथे केंद्रं उघडली. काही चांगली चालली, काही रिकामी राहिली. रिकामी राहिली तिथे खाटा कमी नव्हत्या, लोक यायला तयार नव्हते. आणि उशिरा आलेल्या माणसाला वाचवणं अवघड जातं. म्हणून या लेखात जागा, खाटा, पाणी, ऑक्सिजन आणि बायकांची अडचण या पाच गोष्टी बघूया.

केंद्र म्हणजे दवाखाना नव्हे

एप्रिल २०२० मध्ये केंद्र सरकारने तीन पायऱ्या ठरवल्या होत्या. सौम्य त्रास असणाऱ्यांसाठी कोविड केअर सेंटर, मध्यम त्रासासाठी समर्पित आरोग्य केंद्र आणि गंभीर रुग्णांसाठी समर्पित रुग्णालय. गावातलं केंद्र ही खालची पायरी. इथे तीनच कामं होतात : आजारी माणसाला घरातल्यांपासून वेगळं ठेवणं, त्याच्यावर लक्ष ठेवणं, आणि तब्येत बिघडतेय असं दिसताच वरच्या पायरीवर पाठवणं. सलाईन, इंजेक्शन, औषध बदलणं हे काम डॉक्टर, नर्सबाई, समुदाय आरोग्य अधिकारी यांचं. ते आपण करायचं नाही, कुणी आग्रह केला तरी नाही.

किती खाटा लागतील?

उगाच शंभर खाटा मांडून फोटो काढण्यात अर्थ नाही. हिशेब करूया. कोविडच्या सुरुवातीला असं दिसलं होतं की शंभर रुग्णांतल्या साधारण ८० जणांना सौम्य त्रास होतो, १५ जणांना ऑक्सिजन लागू शकतो आणि ५ जण अत्यवस्थ होतात. समजा, गावात एका वेळी ३० जण आजारी आहेत. त्यातले २४ जण सौम्य, ४-५ जणांना ऑक्सिजनची गरज, एखाद-दोघांना मोठं रुग्णालय.

आता त्या २४ पैकी किती जणांच्या घरी वेगळी खोली आणि वेगळा संडास आहे? हा आकडा सरकारी कागदात सापडत नाही, तो तुमच्याकडे आहे. तुमच्या गटात दहा-बारा घरं असतात. प्रत्येकीने आपल्या घराबद्दल तीन गोष्टी सांगायच्या : स्वतंत्र खोली आहे का, संडास किती जणांत आहे, घरात म्हातारं माणूस, गरोदर बाई किंवा साखर-बीपीचा रुग्ण आहे का. सगळ्या गटांची माहिती ग्रामसंघाने एकत्र केली की गावाला किती खाटा लागतील ते कळतं. २४ पैकी १५ घरांत वेगळी सोय नसेल तर १५ खाटा आणि वर चार-पाच जादा. ऊसतोडीच्या हंगामात फडावर आलेली कुटुंबं यात धरायला विसरू नका. त्यांची खोप म्हणजे एकच खोली असते.

जागा कोणती?

आपल्या तालुक्यात जागा निवडताना एक प्रश्न सगळ्यात आधी विचारायचा : २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं? लक्षात घ्या, जुलै २०२१ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यात कोरोना पुरता उतरला नव्हता, तोवर महापूर आला. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ बंद झाला. साथ आणि पूर एका वेळी येऊ शकतात हे आपण बघितलंय. दूधगंगा-वेदगंगेच्या काठच्या गावांत पूरग्रस्तांना ज्या शाळेत नेतात, तीच शाळा साथीचं केंद्र म्हणून धरली तर त्या दिवशी दोघांचीही पंचाईत. म्हणून दोन जागा ठरवा. एक नेहमीची, आणि एक पूर आला तरची.

जागेत हे बघा :

१. दोन्ही बाजूंनी खिडक्या असाव्यात, वारा आरपार जावा. श्वासाच्या आजारात बंद हॉलपेक्षा पत्र्याची पण मोकळी शेड बरी. मात्र पत्र्याखाली उन्हाचा ताप होतो, त्याची सोय आधी बघा.

२. दारापर्यंत रुग्णवाहिका यायला हवी. पाणंदीत चिखल झाला की १०८ ची गाडी रस्त्यावरच थांबते.

३. पाणी. दाखल रुग्णामागे दिवसाला ४० ते ६० लिटर पाणी धरतात. २० रुग्ण म्हणजे ८०० ते १,२०० लिटर. एक हजार लिटरची एक टाकी काठावर पास, दोन असल्या की बरं.

४. संडास. वीस जणांमागे किमान एक, आणि बायकांचा वेगळा. आत कडी, दिवा, पाणी आणि कचऱ्याचा झाकणाचा डबा हवाच.

५. वीज गेली तर काय? जनरेटर दूध संस्थेकडे असतो, मंडपवाल्याकडे असतो. त्यांच्याशी आजच बोलून ठेवा.

आतली मांडणी

दोन खाटांत किमान एक मीटर अंतर ठेवा, जमलं तर दोन. तपासणीचा निकाल यायचा आहे असे लोक आणि आजार पक्का झालेले लोक एका खोलीत नकोत, नाहीतर बरा माणूस केंद्रात येऊन आजारी पडेल. येण्याचं दार एक, जाण्याचं दुसरं. स्वयंपाक आणि भांडी केंद्राच्या बाहेर.

फरशी पुसायला ग्रामपंचायतीची टीसीएल पावडर चालते. ताजी, ३३ टक्के क्लोरीनची पावडर असेल तर एक लिटर पाण्यात ३० ग्रॅम टाकली की साधारण एक टक्क्याचं द्रावण होतं. दमट जागी ठेवलेली पावडर जोर धरत नाही. द्रावण रोज ताजं करा, हातमोजे घाला, आणि संडास धुवायच्या ॲसिडमध्ये ते कधीही मिसळू नका. विषारी वायू होतो.

कुणाला कधी हलवायचं?

हा भाग बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा. कोविडमध्ये आपण बोटाला लावायचं ऑक्सिमीटर वापरायला शिकलो. ९४ किंवा त्याहून जास्त असेल तर ठीक. ९० ते ९३ म्हणजे डॉक्टरांना लगेच कळवायचं आणि हलवायची तयारी. ९० च्या खाली म्हणजे थांबायचंच नाही. नखाला रंग, बोटावर गडद मेंदी किंवा हात गार असेल तर आकडा चुकू शकतो, दुसऱ्या बोटावर बघा. बसल्या जागी आकडा चांगला असेल आणि दम लागत नसेल तर सहा मिनिटं चालवून परत बघायचा. चालल्यावर तीनपेक्षा जास्त अंकांनी घसरला तर कळवायचं. यंत्र नसेल तरी मोजता येतं : मिनिटाला २४ किंवा जास्त श्वास, बोलताना धाप, ओठ निळसर, माणूस भरकटल्यासारखं बोलतंय, तर वाट बघू नका.

गाडी येईपर्यंत ऑक्सिजन लागतो, त्याचाही हिशेब साधा आहे. लहान सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन असतो, मोठ्या जम्बोत साधारण ७,०००. मिनिटाला ५ लिटर लावला तर लहान सिलिंडर पाच तास पुरतो आणि जम्बो तेवीस तासांच्या आसपास. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर हवेतूनच ऑक्सिजन काढतो, पण त्याला सलग वीज लागते. किती लावायचा हे डॉक्टर सांगतील. आपण एवढंच बघायचं की सिलिंडर भरलेला आहे, चावी जागेवर आहे, आणि जवळपास चूल, उदबत्ती, विडी नाही. एप्रिल २०२१ मध्ये विरारला रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागून माणसं गेली. ऑक्सिजन असलेल्या जागी आग फार लवकर पसरते. बाहेर पडायचा दुसरा रस्ता मोकळा ठेवा, तिथे गाद्या रचू नका.

भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा : १०८, आरोग्य केंद्राचा नंबर, आशाताईंचा नंबर, आणि गावातल्या तीन गाडीवाल्यांचे नंबर. कागल आणि मुरगूडचं ग्रामीण रुग्णालय, त्यानंतर कोल्हापूरचं सीपीआर, असा क्रम ठरलेला असावा. पुरात नेहमीचा रस्ता बंद झाला तर कुठून जायचं हेही त्याच भिंतीवर.

बाई केंद्रात का येत नाही?

ताईंनो, खरी गोम इथे आहे. गावोगावी फिरताना मी हा प्रश्न विचारते तेव्हा 'मला भीती वाटते' असं फार कमी जणी सांगतात. बहुतेकींचं उत्तर असं : 'म्हशीची धार कोण काढणार?' 'लेकरं कुणाकडं ठेवू?' 'सासूबाईंना गोळ्या कोण देणार?' घरातला पुरुष आजारी पडला की दुसऱ्या दिवशी तपासणी होते. बाई मात्र ताप अंगावर काढत भाकऱ्या थापत असते, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी चक्कर आली की मग घरच्यांच्या लक्षात येतं.

यावर उपाय सरकारी आदेशात नाही, गटात आहे. प्रत्येक गटात जोड्या लावा. एक आजारी पडली तर दुसरी तिची जनावरं, तिसरी तिची मुलं. दूध डेअरीला कोण घालणार, पैसे कुणाच्या खात्यावर जाणार हेही आधी ठरवा. ही जोडी ठरलेली असेल तर बाई पहिल्या दिवशी 'मी जाते' म्हणेल.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. २०२० मध्ये राज्यात विलगीकरण केंद्रांतही महिलांवर अत्याचाराच्या घटना घडल्या. म्हणून बायकांची खोली वेगळी, आतून कडी, रात्री दिवा, आणि रात्रपाळीला एक तरी महिला असलीच पाहिजे. पॅड, बाळंतिणीसाठी आडोसा, अंगावर पाजणाऱ्या आईसाठी कोपरा हे यादीत पहिल्या दिवशीच लिहा.

तिसरी गोष्ट दिसण्याची. पश्चिम आफ्रिकेत २०१४ साली इबोला आला तेव्हा सिएरा लिओनमध्ये गावाजवळ थोड्या खाटांची केंद्रं उभी केली. लोकांना वाटायचं, आत गेलेला माणूस परत येत नाही. नातेवाइकांना कुंपणापलीकडून रुग्ण दिसेल, बोलता येईल अशी सोय असली की ही भीती कमी होते. आपल्याकडेही दिवसातून दोन वेळा ठरलेल्या वेळी खिडकीपाशी भेट, नाहीतर व्हिडिओ कॉल. यात खर्च काहीच नाही.

स्वयंपाक, पैसे आणि कागद

लॉकडाऊनमध्ये बचत गटांनी मास्क शिवले, जेवण रांधलं. कौतुक झालं, झालंच पाहिजे. पण कौतुकासोबत कामाचा दामही मिळाला पाहिजे. केंद्राचा स्वयंपाक गटाने घेतला तर ग्रामपंचायतीकडून आधी लेखी घ्या : रोज किती ताटं, ताटाचा दर, पैसे किती दिवसांत. 'आधी करा, मग बघू' यावर काम सुरू करायचं नाही. सदस्यांच्या बचतीला यासाठी हात लावू नका. ग्रामसंघाचा जोखीम निधी अडचणीतल्या कुटुंबांसाठी आहे, तो वापरायचा तर ठराव लिहा. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाच्या निधीतून खर्च करता येतो का, हे ग्रामसेवकांना ग्रामसभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात घ्या.

केंद्रात एकच वही ठेवा : नाव, आलेली तारीख, सकाळ-संध्याकाळ ताप आणि ऑक्सिजनचा आकडा, कुणी बघितलं त्याची सही. संध्याकाळी आकडा लिहिलेला नसेल तर कुणीतरी बघायला विसरलंय, हे लगेच कळतं.

पुढच्या बैठकीत एवढं करा

पुढची साथ कोरोनासारखीच असेल असं नाही. गॅस्ट्रो किंवा कॉलरा असेल तर ऑक्सिजनऐवजी ओआरएस, सलाईन आणि जादा संडास लागतील. पण जागा, पाणी, रस्ता, जोड्या आणि वही या गोष्टी तशाच लागतात. म्हणून पावसाळ्याआधीच्या ग्रामसंघाच्या बैठकीत :

१. आशाताई, ग्रामसेवक आणि आरोग्य सेविकेला बोलवा.
२. सगळ्याजणी मिळून दोन्ही जागा प्रत्यक्ष चालून बघा. नळ सोडून बघा, संडासाची कडी लावून बघा.
३. गटवार घरांची माहिती जमा करा.
४. प्रत्येक गटाच्या जोड्या लिहून घ्या.
५. गाडीवाले, जनरेटरवाले, मंडपवाले यांचे नंबर एका कागदावर आणा.
६. हे सगळं ठरावात लिहून एक प्रत ग्रामपंचायतीला द्या आणि पोच घ्या.

या कामाला दोन तास आणि एक वही लागते. काही अडलं तर प्रभागसंघाच्या बैठकीत विचारा, मी असतेच. ज्या गावाचा ठराव आधी होईल त्यांची यादी पुढच्या अंकात छापूया.

आपली,
क्षेत्र समन्वयक, कागल