झिजलेल्या रुप्यावरील कृष्णराज

लक्ष्मीपूजन जवळ आले की विश्रामबागेतील अनेक घरांतून पूर्वजांनी जपलेली चांदीची नाणी बाहेर निघतात आणि चिंच लावून घासली जातात. चौरंगावर लक्ष्मी लखलखावी, हा भाव मंगलच आहे. परंतु प्रत्येक घासणीत नाण्यावरील अक्षर थोडे झिजते आणि अक्षर गेले की नाण्याचे कुलगोत्रच जाते. याची साक्ष आपल्या कृष्णाकाठीच आहे.

कऱ्हाड तसेच नाशिककडील देवळाणे येथे सुमारे २ ग्रॅम वजनाची लहान रुपेरी नाणी मिळाली. प्राचीन काळ सरून मध्ययुग उजाडण्याच्या संधिकाळातील ही नाणी. एका बाजूस राजाचे मुख, दुसऱ्या बाजूस बसलेला नंदी आणि त्याच्याभोवती ब्राह्मी अक्षरांचे कडे. कुठे अक्षरे काठाबाहेर गेलेली, कुठे झिजलेली. म्हणून अनेक नाणी शेजारी मांडून, एकावरील उणे दुसऱ्यावरून भरून लेख जुळवावा लागतो. तो असा: ‘परममाहेश्वर मातापितृपादानुध्यात श्रीकृष्णराज’. म्हणजे महेश्वराचा परमभक्त, मातापित्यांच्या चरणांचे ध्यान करणारा कृष्णराज.

पण हा कृष्णराज कोणता? काही विद्वानांनी एके काळी ही नाणी राष्ट्रकूटांची मानली. वेरूळच्या कैलास लेण्याशी ज्याचे नाव निगडित आहे, तो राष्ट्रकूट कृष्ण पहिला इ. स. ७५६ च्या सुमारास गादीवर आला. अंजनेरीच्या इ. स. ७१० च्या सुमाराच्या ताम्रपटात मात्र ‘कृष्णराज रूपक’ या नाण्याचा उल्लेख आहे. राजा होण्यापूर्वीच त्याचे नाणे कसे चालेल? तेव्हा हा कृष्णराज त्याच्याही आधीचा, सहाव्या शतकातील कलचुरी घराण्याचा शिवभक्त राजा होय. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या अभ्यासाने या घराण्याचा इतिहास उजळला.

राजा गेल्यावरही शतकाहून अधिक काळ त्याच्या नावाचे नाणे लोकव्यवहारात राहिले. त्यावर स्वतःच्या नावाआधी त्याने देवाला आणि मातापित्यांना स्थान दिले. ती तीन पदे झिजून गेली असती, तर उरला असता केवळ चांदीचा तुकडा.

म्हणून वाचकांस आम्ही विनवितो की, पूजेतील जुने नाणे चिंचेने वा राखेने घासू नये. स्वच्छ पाण्याने धुऊन मऊ वस्त्राने अलगद टिपावे. अक्षर न कळणारे नाणे सराफाच्या मुशीत जाण्यापूर्वी जाणकारांस दाखवावे. नाणे काळवंडलेले असले, तरी लक्ष्मीच्या पूजेत काही उणे येत नाही.