धातुशोधक : शेतातील सराव

जमिनीत गाडल्या गेलेल्या धातूच्या वस्तूचे स्थान खणण्यापूर्वी दर्शविणारे उपकरण म्हणजे धातुशोधक. त्याच्या तळाच्या वेटोळ्यातून प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाह सोडतात. त्यामुळे निर्माण होणाऱ्या बदलत्या चुंबकीय क्षेत्रात धातू आल्यास त्याच्यात आवर्त प्रवाह प्रवर्तित होतात. त्यांचे दुय्यम क्षेत्र ग्राहक वेटोळे टिपते आणि ध्वनी उमटतो. ध्वनीवरून धातूच्या प्रकाराविषयी केवळ अंदाज बांधता येतो. सोन्याची बारीक अंगठी व ॲल्युमिनियमचा तुकडा यांचे ध्वनी पुष्कळदा सारखेच असतात.

हा भेद कानाला सवयीनेच कळतो. इंग्लंडमध्ये त्यासाठी नांगरटीची शेते सोयीची मानतात. मालकाच्या परवानगीने, पीक निघाल्यावर व पेरणीपूर्वी तेथे सराव करतात. नांगराने वरची माती वारंवार उलथलेली असल्याने तीतील वस्तूंचा मूळ थरांशी असलेला संबंध बहुधा आधीच तुटलेला असतो. त्याखालचा थर मात्र अबाधित असू शकतो व तेथे फावडे थांबलेच पाहिजे.

वेटोळे जमिनीला समांतर व शक्य तितके जवळ ठेवून सावकाश फिरवितात. प्रत्येक झोका आधीच्या झोक्याने व्यापलेल्या पट्ट्यावर निम्मा यावा. झोक्याच्या टोकाशी वेटोळे वर उचलले जाणे हा नवशिक्यांचा नेहमीचा दोष होय. ध्वनी मिळाल्यास काटकोनात पुन्हा झोका देऊन नेमकी जागा ठरवितात. माती लोहयुक्त असेल, तर उपकरण तिच्याशी जुळवून घ्यावे लागते; दख्खनच्या बेसाल्टजन्य मातीतही हा अडथळा संभवतो. आरंभी प्रत्येक ध्वनी खणून पाहणे इष्ट. निघतात ते बहुधा खिळे, बिरडी आणि काडतुसांची टोपणे. पण त्यांवरच कान तयार होतो.

सफक परगण्यातील हॉक्सन येथे १९९२ मध्ये शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा शोधताना एरिक लॉज यांना रोमनकालीन निधी आढळला. काही वस्तू निघताच त्यांनी खणणे थांबवून कळविले. त्यामुळे सु. १५,००० नाणी व दागिने ज्या पेटीत ठेवले होते तिची मांडणीही पुरातत्त्वज्ञांना नोंदविता आली. पुढे हातोडाही सापडला; तोही ब्रिटिश म्युझियममध्ये जतन केलेला आहे.

भारतात १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे बंधनकारक असून संरक्षित स्थळी परवान्यावाचून उत्खनन करता येत नाही.